प्रयोगशाळा रुग्णाच्या दारी

‘रक्त आज द्या, रिपोर्ट परवा मिळेल.’ हे वाक्य कानावर पडले नाही असे घर सापडणे कठीण. पुण्या-मुंबईच्या माणसाला त्यात काही वावगे वाटत नाही. रिपोर्ट मोबाइलवर येतो, डॉक्टर पलीकडच्या चौकात असतो. पण धडगाव किंवा भामरागडच्या एखाद्या पाड्यावरून तालुक्याच्या गावी आलेल्या मजुरासाठी ‘परवा’ म्हणजे आणखी एका दिवसाची बुडालेली मजुरी, पुन्हा जीपचे भाडे आणि घरच्या लहानग्याला पुन्हा कुणाच्या तरी भरवशावर सोडणे. मग तो येतच नाही. रिपोर्ट टेबलाच्या खणात पडून राहतो. रोग सापडतो आणि रोगी हरवतो.

ही गळती किती मोठी असते, हे मोझांबिकमध्ये नीट मोजले गेले. एचआयव्हीची औषधे सुरू करायची तर त्या काळी रक्तातल्या सीडी४ पेशींची संख्या आधी पाहावी लागे. नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जाई आणि आकडा हाती यायला बराच काळ लागे. तिथल्या काही आरोग्य केंद्रांमध्ये टेबलावर मावणारे एक छोटे यंत्र दिले गेले. बोटाला सुई टोचायची, रक्त कार्ट्रिजमध्ये घ्यायचे, वीस मिनिटांत आकडा तयार. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष आले. औषध सुरू होण्याआधीच गळून जाणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ६४ टक्के होते, ते ३३ टक्क्यांवर आले. औषधे तीच होती आणि ती देणारी केंद्रेही तीच. कमी झाले ते फक्त वाट पाहणे.

प्रयोगशाळा लहान करण्याची जी धडपड गेली चार-साडेचार दशके जगभर चालली आहे, तिच्याकडे या आकड्यांच्या उजेडात पाहायला हवे. चिप किती चिमुकली आहे याचे कौतुक दोन दिवसांचे. तपासणी आणि उपचार यांच्यामधले अंतर तिने किती तोडले, यावर तिचे खरे मोल ठरते.

या धडपडीची सुरुवात वैद्यकात झालीच नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या एका चकतीवर वायूंचे पृथक्करण करणारे अख्खे यंत्र कोरले. एरवी असे यंत्र टेबलभर जागा अडवत असे. संगणकाच्या चिपा कोरण्याचे तंत्र द्रव आणि वायूंसाठीही वापरता येते, हे त्यातून सिद्ध झाले, पण पुढची दहा वर्षे त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. १९९० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, सिबा-गायगी या औषध कंपनीत काम करणाऱ्या आंद्रेआस मांझ यांनी ती कल्पना पुढे नेली. नमुना घेणे, तो स्वच्छ करणे, त्यात रसायने मिसळणे आणि शेवटी मोजमाप करणे ही सगळी कामे एकाच चिमुकल्या यंत्रणेत व्हावीत, असा आराखडा त्यांनी मांडला. ‘लॅब ऑन अ चिप’ हा आज सर्रास वापरला जाणारा शब्दप्रयोग त्याच विचारातून रुळला.

या चिपेवरच्या वाटा साधारण केसाच्या जाडीच्या असतात. काही त्याहूनही अरुंद. एवढ्या अरुंद जागेत पाणी आपला नेहमीचा स्वभाव सोडून देते. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, पाणी घुसळले जाते आणि पुढे एकच नदी वाहते. चिपेवरच्या संगमात अशी घुसळण होत नाही. दोन प्रवाह एकाच वाटेने शेजारीशेजारी, शिस्तीत वाहत राहतात आणि त्यांच्यातले रेणू हळूच एकमेकांच्या हद्दीत झिरपतात. हे झिरपणे मोठ्या भांड्यात अतिशय संथ असते. मात्र अंतर दहापट कमी केले की त्याला लागणारा वेळ शंभरपट कमी होतो. उष्णतेचेही साधारण तसेच. पातेलेभर पाणी तापायला वेळ लागतो, तव्यावर पडलेला थेंब क्षणात चरचरतो. विषाणू किंवा जिवाणूच्या डीएनएच्या लाखो प्रती काढणाऱ्या पीसीआर तपासणीत नमुना तीस-चाळीस वेळा तापवावा आणि निववावा लागतो. नमुना थेंबाहून लहान असेल तर हे काम कितीतरी लवकर उरकते. यंत्र लहान असल्यामुळे केवळ जागा वाचते असे नाही. ते लहान असल्यामुळेच वेगवान असते.

सिलिकॉन महाग आणि कोरायला किचकट. हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने नव्वदच्या दशकात रबरासारखे मऊ सिलिकोन साच्यात ओतून चिपा काढण्याची रीत रूढ केली आणि हे काम कुठल्याही विद्यापीठाच्या आवाक्यात आले. २००७ मध्ये त्याच गटाने साच्याचाही नाद सोडला आणि थेट कागद घेतला. कागदावर पाणी न शोषणाऱ्या पदार्थाच्या रेघा ओढायच्या आणि त्यांच्यामधल्या कोऱ्या वाटांनी रक्त किंवा लघवी आपोआप पुढे सरकू द्यायची. पणतीची वात तेल ओढते, तोच हा गुण. पंप नको, वीज नको. एका कागदाच्या तुकड्यावर तीन-चार वाटा काढल्या की तेवढ्या तपासण्या एकदम होतात.

वातीच्या या तत्त्वावर चालणारी पट्टी भारतातल्या खेड्यांत केव्हाच पोहोचली आहे. आशाताईंच्या पिशवीत ‘निश्चय’ नावाचे गर्भचाचणीचे किट असते. गडचिरोलीसारख्या मलेरियाग्रस्त जिल्ह्यात आशा बोटाला सुई टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब घेते आणि पंधरा-वीस मिनिटांत फॅल्सिपॅरम मलेरिया आहे की नाही ते सांगते. पूर्वी काचपट्टीवर रक्त पसरून ती तपासायला पाठवावी लागे आणि उत्तर येईपर्यंत ताप डोक्यात गेलेला असे. या पट्टीला मर्यादाही आहेत. परजीवीचे जे प्रथिन ती ओळखते, ते रोग बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात रेंगाळते. काही देशांत तर ते प्रथिनच नसलेले परजीवी आढळले आहेत, म्हणजे रोग अंगात असून पट्टी कोरी. तरीही आशाताईच्या हातातली ही पट्टी म्हणजे आपल्या देशातली सर्वांत लहान आणि सर्वांत दूरवर पोहोचलेली प्रयोगशाळा आहे. तिचे श्रेय कुणी देत नाही, ते द्यायला हवे.

साधेपणाचे आणखी एक उदाहरण इथे घ्यायलाच हवे. मूळचे मेरठचे आणि आता स्टॅनफर्डमध्ये असलेले मनू प्रकाश युगांडात गेले होते. तिथल्या एका दवाखान्यात रक्तातले घटक वेगळे करणारे सेंट्रिफ्यूज यंत्र दार उघडे ठेवण्यासाठी टेकण म्हणून वापरले जात होते, कारण वीजच नव्हती. त्यांना आठवले ते दोऱ्यात ओवलेले बटण. दोन्ही हातांनी दोरा ताणायचा, सैल सोडायचा, पुन्हा ताणायचा आणि बटण सूं-सूं करत गरगर फिरायचे. शाळेच्या दप्तरात ही भिंगरी असलेली एक पिढी आजही आपल्या आसपास आहे. प्रकाश यांच्या गटाने २०१७ मध्ये कागदाची चकती आणि दोरा यांचेच सेंट्रिफ्यूज केले. वजन दोन ग्रॅम, खर्च वीस सेंट, वेग मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत. दीड मिनिटात रक्तपेशी खाली बसतात आणि पिवळसर प्लाझ्मा वर येतो. बंगळुरूच्या अचिरा लॅब्जने याच वृत्तीने रेशमाच्या धाग्यांत तपासणीची रसायने भरून ते मागावर विणून पाहिले. कापडाचा तुकडा म्हणजेच चिप.

भारतात या तंत्राची खरी कसोटी मात्र क्षयरोगाने घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला आणि त्यांतले २६ टक्के, म्हणजे साधारण २८ लाख, एकट्या भारतातले होते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये या रोगाचा जिवाणू जगापुढे ठेवला. त्यानंतर सव्वाशे वर्षे आपण टीबी जवळपास त्यांच्याच पद्धतीने शोधत राहिलो. बेडका काचेवर पसरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. एका मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जिवाणू असतील तरच ते या पद्धतीने नजरेला पडण्याची शक्यता. लहान मुले आणि एचआयव्हीबाधित यांच्या बेडक्यात तेवढे जिवाणू बहुधा नसतातच. शिवाय जिवाणू दिसला तरी कोणते औषध त्याला लागू पडेल, ते सूक्ष्मदर्शक सांगत नाही. त्यासाठी जिवाणू प्रयोगशाळेत वाढवायचा, त्याला कित्येक आठवडे लागायचे आणि तोवर रुग्ण चुकीच्या गोळ्या खात आपल्या घरातल्यांना औषधाला न जुमानणारा टीबी देत राहायचा. मुंबईत हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी २०११च्या अखेरीस, तपासलेल्या सगळ्या औषधांना दाद न देणारे रुग्ण जगापुढे आणले तेव्हा मोठी खळबळ माजली. त्या अवस्थेला काय म्हणावे यावर सरकारशी वाद झाला. रुग्णांची अवस्था मात्र वादातीत होती.

या कोंडीतून पहिली वाट काढली ती एका अनपेक्षित यंत्राने. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे जिवाणू पाठवले गेले. त्यानंतर तिथल्या टपाल छाननी केंद्रांत हवा तपासणारी यंत्रणा बसवली गेली, तिच्यात कॅलिफोर्नियाच्या सेफिड कंपनीचे तंत्र होते. तेच तंत्र पुढे टीबीकडे वळवण्यात आले. त्यातून जीनएक्स्पर्ट या यंत्रावरची टीबी तपासणी आली, आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत सगळे तिला ‘सीबीनॅट’ म्हणतात. प्रक्रिया केलेला बेडका कार्ट्रिजमध्ये ओतायचा, झाकण लावायचे, कार्ट्रिज यंत्रात ठेवायचे. पुढचे धुणे, फोडणे, प्रती काढणे, मोजणे हे सारे त्या बंद डबीच्या आत होते. दोन तासांच्या आत दोन उत्तरे मिळतात. टीबी आहे का, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का. मुंबईसह जगातल्या पाच ठिकाणी १,७३० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने या तपासणीला मान्यता दिली.

अडचण होती ती विजेची, उकाड्याची आणि पैशाची. या यंत्राला अखंड वीज लागते, बेताचे तापमान लागते आणि एका कार्ट्रिजला सुरुवातीला जवळपास १७ डॉलर पडत. २०१२ मध्ये ती किंमत गरीब देशांसाठी ९.९८ डॉलरवर आणली गेली, २०२३ मध्ये ७.९७ डॉलरवर. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था वर्षानुवर्षे पाच डॉलरचा आग्रह धरून आहे. जिल्हा रुग्णालयाच्या वातानुकूलित खोलीत हे यंत्र शोभते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पत्र्याच्या छपराखाली, एप्रिल-मेच्या उन्हात, त्याचे काम नव्हे.

त्या छपराखाली चालणारे यंत्र गोव्यात तयार झाले. बंगळुरूच्या बिगटेक लॅब्जमध्ये चंद्रशेखर नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खपून चिपेवर पीसीआर बसवले आणि गोव्यातल्या मॉलबायो डायग्नोस्टिक्स या कंपनीने ते ‘ट्रूनॅट’ या नावाने बाजारात आणले. वेर्णे येथील औद्योगिक वसाहतीत बनणारे हे यंत्र बॅटरीवर चालते, पेटीत घालून हातात नेता येते आणि त्याची रसायने सुकवलेली असल्यामुळे फ्रिजवाचून टिकतात. भारत, इथिओपिया, पेरू आणि पापुआ न्यू गिनी या चार देशांत त्याची कसून पारख झाली. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली.

हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. बेडका चिकट असतो, म्हणून तंत्रज्ञ आधी डबीत एक द्रव टाकून तो पातळ होऊ देतो. मग तो पहिल्या यंत्राच्या कार्ट्रिजमध्ये जातो आणि साधारण वीस मिनिटांत त्यातला डीएनए वेगळा होऊन येतो. आता खरी नजाकत. पिपेटने त्यातले सहा मायक्रोलिटर उचलायचे. सहा मायक्रोलिटर म्हणजे मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढा ऐवज. तो सुकवलेल्या रसायनाच्या इवल्या नळीत सोडायचा, पाऊण-एक मिनिट थांबायचे, रसायन विरघळले की पुन्हा तेवढाच थेंब उचलून चिपेच्या मधोमध असलेल्या गोल खळग्यात ठेवायचा. बुडबुडा राहता कामा नये, थेंब कडेला सांडता कामा नये. चिप यंत्राच्या फटीत सरकवली की पडद्यावर एक रेघ उमटू लागते. ती सपाट राहिली तर टीबी सापडला नाही. मध्येच वर उसळली तर सापडला, आणि मग त्याच डीएनएचा थेंब दुसऱ्या चिपेवर ठेवून रिफाम्पिसिनला दाद देतो का ते पाहायचे. पहिल्या उत्तराला सुमारे एक तास, दुसऱ्याला आणखी एक. सकाळी आलेला माणूस जेवणाच्या वेळेपर्यंत निदान घेऊन बाहेर पडू शकतो.

याच यंत्राने कोविडमध्ये देशाची मोठी सोय केली. २०२०च्या एप्रिलमध्ये आयसीएमआरने ट्रूनॅटला कोविडच्या चाळणीसाठी परवानगी दिली आणि टीबीसाठी ठिकठिकाणी बसवलेली यंत्रे रातोरात दुसऱ्या रोगासाठी कामाला लागली. चिप बदलली की रोग बदलतो, ही या रचनेची ताकद तेव्हा दिसली. त्याच काळात पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या आरटी-पीसीआर किटला मार्च २०२० मध्ये मान्यता मिळाली. ते विकसित करणाऱ्या गटाच्या प्रमुख मीनल डाखवे-भोसले यांनी प्रसूतीच्या आदल्या दिवशी किट तपासणीसाठी सुपूर्द केले होते. पुढे मे २०२१ मध्ये मायलॅबच्याच ‘कोविसेल्फ’मुळे २५० रुपयांत घरच्या घरी तपासणी करणे शक्य झाले. दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांनी क्रिस्पर तंत्रावर आधारलेली, कागदी पट्टीवर उत्तर देणारी ‘फेलूदा’ तपासणी केली. ज्या देशात आरोग्याची उपकरणे बहुतांशी बाहेरून येतात, त्या देशाने दोन वर्षांत एवढे करावे ही साधी गोष्ट नव्हती.

याच्या उलट टोकाला थेरानोसची कहाणी आहे आणि ती या आढाव्यातून वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. एलिझाबेथ होम्स या तरुणीने २००३ मध्ये कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली. बोटातून घेतलेल्या काही थेंबांत शेकडो तपासण्या, हा तिचा दावा. कंपनीचे मोल नऊ अब्ज डॉलर धरले गेले, औषधांच्या मोठ्या दुकानसाखळीत तिची केंद्रे उघडली, लोकांनी रक्त दिले, त्या रिपोर्टांवर भरवसा ठेवला. ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या जॉन कॅरिरू यांनी उघड केले की बहुतेक तपासण्या इतर कंपन्यांच्या नेहमीच्याच यंत्रांवर होत होत्या. २०१८ मध्ये कंपनी बंद झाली, २०२२ मध्ये होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरल्या आणि त्यांना अकरा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली.

ही केवळ एका व्यक्तीच्या लबाडीची गोष्ट नाही. थेंबाचे स्वतःचे एक शास्त्र आहे आणि तिथे त्याकडे पाठ फिरवली गेली. बोट दाबून काढलेल्या रक्तात पेशींभोवतालचे पाणी मिसळते. दाबताना तांबड्या पेशी फुटल्या तर पोटॅशियमचा आकडा खोटाच वाढतो. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात २०१५ मध्ये मेगन बाँड आणि रेबेका रिचर्ड्स-कोर्टम यांनी एकाच बोटातून लागोपाठ काढलेले थेंब मोजले, तर हिमोग्लोबिन आणि पेशींचे आकडे थेंबागणिक बदलताना दिसले. शिरेतून घेतलेल्या रक्ताइतका भरवशाचा आकडा हवा असेल तर सहा ते नऊ थेंबांची सरासरी काढावी लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. याचा अर्थ थेंबावरची तपासणी निरुपयोगी आहे असा नाही. साखर थेंबावर चांगली मोजता येते, मलेरियाही ओळखता येतो. पण रक्तात जो पदार्थ मुळातच विरळ आहे, तो एका थेंबात कदाचित नसेलच, आणि नसलेली गोष्ट कुठलीही चिप शोधू शकत नाही.

कर्करोगाच्या गाठीतून सुटून रक्तात वाहणाऱ्या पेशी हे याचे उत्तम उदाहरण. एका मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात आणि कर्करोगाच्या मोजून दोन-चार, कधी एकही नाही. इथे थेंब पुरत नाही, काही मिलिलिटर रक्त लागतेच. चिपेचे काम ते सगळे रक्त गाळण्याचे. २००७ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मेहमेत टोनर यांच्या गटाने ७८,००० सूक्ष्म खांब असलेली चिप केली. खांबांना लावलेली प्रतिपिंडे या पेशींना धरून ठेवतात आणि बाकीचे रक्त वाहून जाते. पुण्यातली ॲक्टोरियस ही कंपनी चुंबकीय कणांच्या मदतीने अशाच पेशी हुडकणारी ‘ऑन्कोडिस्कव्हर’ तपासणी देते. गाठीत पुन्हा पुन्हा सुई न घालता उपचार लागू पडतो आहे का ते पाहता यावे, ही त्यामागची आशा. ती सगळ्या कर्करोगांत खरी ठरलेली नाही.

उपचाराच्या अंगाने या तंत्राने सर्वाधिक बदलले ते मधुमेहींचे आयुष्य. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. दंडावर चिकटवलेला नाण्याएवढा सेन्सर चौदा दिवस दर काही मिनिटांनी साखर मोजतो. २०१४ पासून युरोपात आणि नंतर आपल्याकडेही तो मिळू लागला. २०१६ मध्ये अमेरिकेत सेन्सरच्या आकड्यांवरून इन्सुलिनचा मूळ प्रवाह स्वतःच कमी-जास्त करणाऱ्या पंपाला परवानगी मिळाली. निदान आणि उपचार यांच्यातले अंतर इथे जवळपास नाहीसे झाले. पण त्या सेन्सरला दर पंधरवड्याला काही हजार रुपये मोजावे लागतात. शाळकरी वयात टाइप-१ मधुमेह जडलेल्या शेतमजुराच्या मुलीला तो सर्वांत जास्त हवा आणि तिलाच तो परवडत नाही.

एमआयटीतल्या मायकेल सिमा आणि रॉबर्ट लँगर यांच्या गटाने १९९९ मध्ये औषधाच्या चिमुकल्या कुप्या असलेली चिप दाखवली, जी हुकूम मिळाला की एकेक कुपी उघडते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डेन्मार्कमधल्या हाडे ठिसूळ झालेल्या सात स्त्रियांना अशा चिपेतून, त्वचेखालून, रोजच्या इंजेक्शनाचे औषध यशस्वीपणे दिले गेले. बाजारात मात्र ती अजून आलेली नाही. याहून जास्त भरवसा वाटतो तो अवयवांच्या चिपांबद्दल. २०१० मध्ये हार्वर्डच्या ‘विस इन्स्टिट्यूट’मध्ये डोनाल्ड इंगबर आणि डॅन हू यांनी पेनड्राइव्हएवढ्या चिपेत फुप्फुसाच्या पेशी वाढवल्या. पेशींखालचा पडदा श्वासासारखा ताणतो आणि सैलावतो. २०२२ मध्ये ८७० यकृत-चिपांवर २७ औषधांची परीक्षा झाली. यकृताला घातक ठरणाऱ्या औषधांपैकी ८७ टक्के चिपांनी ओळखली आणि एकाही निर्धोक औषधावर आळ घेतला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेने नव्या औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचणीची कायदेशीर सक्ती उठवली. भारताने मार्च २०२३ मध्ये नियम बदलून अशा पर्यायांना दार उघडले.

या सगळ्या प्रगतीपुढे एक अभ्यास ठेवायलाच हवा. दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, झांबिया आणि टांझानियातल्या प्राथमिक दवाखान्यांत परिचारिकांच्या हाती जीनएक्स्पर्ट देऊन पाहिले गेले. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. परिचारिकांनी यंत्र उत्तम चालवले, त्याच दिवशी उपचार सुरू झालेल्या रुग्णांची संख्या वाढली. पण काही महिन्यांनंतर रुग्णांची प्रकृती पाहिली, तर सूक्ष्मदर्शकवाल्या गटाच्या तुलनेत फरक दिसला नाही. एक मोठे कारण असे की तिथले डॉक्टर टीबीचा संशय आला की अंदाजानेच औषधे सुरू करत होते. चांगली माणसे आणि चालू असलेली औषधे जिथे आधीच आहेत, तिथे यंत्राची भर थोडी. जिथे ती नाहीत, तिथे यंत्र एकटे काही करू शकत नाही. सहा मायक्रोलिटरचा थेंब अचूक ठेवणारा तंत्रज्ञ बदलून गेला आणि त्याची जागा रिकामी राहिली, चिपांचा पुरवठा महिनाभर आला नाही, पॉझिटिव्ह रुग्णाला औषधाची पाकिटे मिळाली नाहीत, की वेर्ण्याहून आलेले तेच यंत्र कपाटावरची पेटी होऊन बसते.

जबाबदारीचाही प्रश्न आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर त्या विषयातली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. ती सही नसलेले रिपोर्ट गल्लोगल्ली मिळतात, हे महाराष्ट्रातल्या पॅथॉलॉजिस्टांचे जुने दुखणे. आता यंत्र औषधाच्या दुकानात, उपकेंद्रात, घरात येणार असेल, तर त्याची अचूकता वेळोवेळी कोण तपासणार आणि चुकीच्या उत्तराला कोण जबाबदार, हे आधी ठरायला हवे. २०१९ मध्ये भारताने अत्यावश्यक तपासण्यांची राष्ट्रीय यादी केली, अशी यादी करणारा तो पहिला देश. गावच्या उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत कुठे कोणती तपासणी मिळायला हवी, ते तिच्यात लिहिलेले आहे. ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत ही यादी हातात घेऊन विचारणा व्हायला हवी. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२१ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार जगातल्या ४७ टक्के लोकांना साध्या तपासण्याही नीट मिळत नाहीत. यंत्रे जन्माला घालणे जमले आहे, ती लोकांपर्यंत नेणे बाकी आहे.

तोवर वाचकांना एवढेच सांगणे. घरात, शेजारी, कामावर कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, वजन उतरत असेल, संध्याकाळचा ताप येत असेल, तर त्याला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात घेऊन जा. ‘बेडका ट्रूनॅट किंवा सीबीनॅटवर तपासा,’ असे स्पष्ट शब्दांत सांगा. सरकारी केंद्रात ही तपासणी आणि पुढची औषधे, दोन्ही मोफत आहेत.